एक तुकडा कुपीत, एक तुकडा पोटात

शनिवार, संध्याकाळी 6

या रविवारचं काम आदल्या संध्याकाळीच सुरू झालेलं असतं. अलेक्सी सेंट मार्टिन जेवतो आणि मग थांबतो. उद्या सकाळी 11 वाजता डॉक्टर विल्यम बोमाँट आपल्या वहीत 17 तासांच्या उपासाची नोंद करतील. तिथून मागे मोजत आलं की ही वेळ निघते. साल 1825, उद्याची तारीख 7 ऑगस्ट. बोमाँट अमेरिकी सैन्यातले सर्जन आहेत आणि जूनमध्येच त्यांची बदली मॅकिनॅक बेटावरून न्यूयॉर्क राज्यातल्या नायगारा किल्ल्यावर झाली आहे. येताना त्यांनी अलेक्सीला बरोबर आणलं आहे.

शरीरक्रियाशास्त्राचा इतिहास सांगताना आपण सहसा मोठी नावं एकामागून एक घेतो. हार्वे, हालर, मॅजंडी, बर्नार्ड, पावलोव्ह. या शास्त्राला प्रयोगाची शिस्त कशी लागली हे समजून घ्यायचं असेल, तर मला त्यापेक्षा हा एक रविवार तासातासाने पाहावासा वाटतो. बोमाँट यांनी वेळा लिहून ठेवल्या आहेत, म्हणून ते शक्य आहे.

रविवार, सकाळ

अलेक्सी उठतो तो उपाशी. एरवी त्याचा दिवस लाकडं फोडण्यात, ओझी वाहण्यात, घरकामात जातो. तो बोमाँट यांच्या घरीच राहतो. अंगाने धट्टाकट्टा आहे. मूळचा कॅनडाचा, फ्रेंच बोलणारा. फरच्या व्यापाऱ्यांच्या होड्या वल्हवणं हा त्याचा धंदा होता.

6 जून 1822 रोजी मॅकिनॅक बेटावर अमेरिकन फर कंपनीच्या दुकानात एका माणसाच्या हातातली बंदूक चुकून सुटली. अलेक्सी जेमतेम हातभर अंतरावर उभा होता. बदकांच्या शिकारीचे छर्रे डाव्या छातीखाली घुसले आणि तळहाताएवढं भगदाड पडलं. भाजलेल्या फुप्फुसाचा तुकडा बाहेर आला होता. त्याच्या खाली जठर फाटलं होतं आणि त्यातून सकाळची न्याहारी बाहेर पडत होती. बोमाँट धावत आले. त्यांनी जखम धुतली, पण हा माणूस 36 तासही काढणार नाही असं त्यांचं मत झालं. माणूस जगला. पहिले 17 दिवस तो जे खाई ते त्या भोकातून बाहेर येई. मग हळूहळू अन्न पोटात टिकू लागलं. जखम भरली, पण जठराचं तोंड छातीखालच्या कातडीला चिकटून बसलं आणि छिद्र उघडंच राहिलं. पुढे जठराच्या आतल्या अस्तराचीच एक घडी वाढून त्या छिद्रावर झडपेसारखी बसली. बोटाने ती आत दाबली की जठराचं आतलं दालन डोळ्यांना दिसे.

गरिबांसाठीचा स्थानिक मदतनिधी संपला तेव्हा बेटावरच्या अधिकाऱ्यांनी अलेक्सीला 1500 मैलांवरच्या त्याच्या गावी होडीने धाडून द्यायचं ठरवलं. त्या अवस्थेत तो प्रवास म्हणजे मरणच होतं. बोमाँट यांनी त्याला विरोध केला आणि 1823 च्या वसंतात अलेक्सीला स्वतःच्या घरी नेलं. सैन्यातल्या डॉक्टरच्या तुटपुंज्या पगारात त्यांनी त्याला खाऊपिऊ घातलं, रोज त्याची जखम बांधली. त्या वेळी त्यांच्या मनात प्रयोग नव्हता असं मला वाटतं. पण दोन वर्षं रोज ते छिद्र पाहणाऱ्या माणसाच्या मनात प्रश्न उठले नसते तरच नवल.

बोमाँट कुठल्याही विद्यापीठात शिकलेले नव्हते. कनेटिकट राज्यातल्या शेतकरी घरातला हा मुलगा व्हरमाँटमध्ये एका डॉक्टरच्या हाताखाली उमेदवारी करून वैद्यक शिकला आणि 1812 च्या युद्धात सैन्यात शिरला. जवळ प्रयोगशाळा नाही, सल्ला द्यायला कुणी रसायनतज्ज्ञ नाही. एक थर्मामीटर, एक रबरी नळी, काही कुप्या आणि घड्याळ, एवढीच सामग्री.

सकाळी 11

आज पहिल्यांदा थर्मामीटर. झडप बाजूला करून त्याची नळी छिद्रातून जठरात उतरते. पंधरा मिनिटांत पारा 100 अंश फॅरनहाइटवर जातो आणि तिथेच थांबतो. आपल्या मापात हे 38 सेल्सिअसला थोडं कमी. या आकड्याचं महत्त्व लक्षात घ्यायला हवं. पोटात अन्न शिजतं, जठर ही एक चूल आहे, ही समजूत युरोपातही फार जुनी होती आणि आपल्याकडेही जठराग्नी हा शब्द रोजच्या बोलण्यातला आहे. पण 100 अंशांवर मांस शिजत नाही. म्हणजे नुसत्या उष्णतेने काम होत नसणार.

आता रस काढायचा. अलेक्सीला उजव्या कुशीवर झोपवायचं, झडप दाबायची, मोठ्या पिसाच्या देठाएवढी जाड रबरी नळी पाचसहा इंच आत सारायची, आणि मग त्याला डाव्या कुशीवर वळवायचं, म्हणजे छिद्र खालच्या बाजूला येतं. रिकाम्या जठरात रस साठलेला नसतो. नळीचा स्पर्श झाला की तो पाझरू लागतो. आधी थेंब थेंब, मग तुटक धार. नळी आतल्या आत हलवली की जास्त येतो. हे होत असताना अलेक्सीच्या पोटात खड्डा पडल्यासारखं होतं, त्याला घेरी येऊ लागते, आणि पुष्कळदा त्यामुळेच काम थांबवावं लागतं. बोमाँट यांनी हेही लिहून ठेवलं आहे.

आज एक औंस मिळतो, म्हणजे साधारण 30 मिलिलीटर. पाण्यासारखा स्वच्छ आणि पारदर्शक, थोडा बुळबुळीत कफ मिसळलेला. तो तीन औंसांच्या कुपीत जातो. त्यात मीठ लावून उकडलेल्या गोमांसाचा तीन ड्रॅमचा, साधारण 12 ग्रॅमचा एक अखंड तुकडा टाकला जातो. कुपीला घट्ट बूच लावून ती 100 अंशांवर आणलेल्या पाण्याच्या भांड्यात ठेवतात, आणि ते भांडं तापलेल्या वाळूवर, म्हणजे उष्णता सावकाश आणि सारखी लागत राहते. जठरात जेवढं तापमान मोजलं, तेवढंच कुपीला.

आणि मग या दिवसाची खरी करामत. अगदी तसाच दुसरा तुकडा रेशमी दोऱ्याला बांधून छिद्रातून अलेक्सीच्या जठरात सोडला जातो. एक तुकडा काचेत, एक माणसात. मांस तेच, रस तोच, उष्णता तीच. फरक एकच, की एकाच्या भोवती जिवंत माणूस आहे.

या मांडणीपर्यंत यायला शास्त्राला बराच वेळ लागला होता. 1752 मध्ये रेओम्यूर यांनी घारीला दोन्ही टोकं उघडी असलेल्या धातूच्या नळ्यांत मांस घालून गिळायला लावलं. घारीने नळ्या ओकून टाकल्या तेव्हा मांस झिजलेलं होतं, आणि धातूच्या आत जठर ते चिरडू शकलं नसतं हे उघड होतं. इटलीत स्पालानझानी यांनी स्वतः कापडाच्या पिशव्यांत अन्न शिवून गिळलं, आणि पक्ष्यांच्या जठरातला रस काढून नळीत मांसाबरोबर काखेत धरून ऊब दिली. एडवर्ड स्टीव्हन्स यांनी 1777 मध्ये एडिंबरोला, दगड गिळून पोट भरणाऱ्या एका खेळ्यावर प्रयोग केले. तरीही वाद मिटला नव्हता. कुणी म्हणे अन्न आंबतं, कुणी म्हणे सडतं, कुणी म्हणे नुसतं दळलं जातं. आणि जीवशक्तीवर विश्वास असणाऱ्यांचं म्हणणं असं, की जिवंत देहाबाहेर पचन होणारच नाही. आज दोन्ही तुकडे एकाच घड्याळावर धावणार आहेत.

11.40 ते 12

चाळीस मिनिटांत कुपीतल्या मांसाच्या पृष्ठभागावर पचन स्पष्ट सुरू झालेलं दिसतं. पन्नास मिनिटांत रस गढूळ आणि अपारदर्शक होतो, बाहेरचे पदर सुटू लागतात. तासाभरात अन्नाचा लगदा तयार व्हायला लागतो.

बरोबर 12 वाजता दोरा ओढून पोटातला तुकडा बाहेर काढतात. त्याची अवस्था कुपीतल्या तुकड्यासारखीच आहे. दोघांत जवळजवळ फरक नाही. तुकडा पुन्हा आत.

शरीरक्रियाशास्त्राच्या इतिहासात मी कुठल्या एका क्षणाला मान देईन तर या बारा वाजण्याला. शरीराच्या आतलं एक काम माणसाने बाहेर काढून काचेत चालू ठेवलं होतं आणि आतल्या कामाशी ते समोरासमोर ताडून पाहिलं होतं. पुढे 1836 मध्ये जर्मन शास्त्रज्ञ श्वान यांनी जठररसातलं पेप्सिन हे पाचकद्रव्य ओळखलं ते अशाच कृत्रिम पचनाच्या वाटेने.

दुपारी 1

पुन्हा दोरा ओढतात. या वेळी त्याला काहीच नाही. पोटातलं मांस पूर्ण पचून गेलं आहे.

कुपीतलं अजून आहे. त्याचे स्नायूंचे धागे एकमेकांपासून सुटून तरंगताहेत. त्यांना बांधून ठेवणारा मधला भाग विरघळून गेला आहे.

म्हणजे पहिला तासभर बरोबरीने चाललेली शर्यत पोटाने जिंकली. घाईत असलेला माणूस इथे चुकीचा निष्कर्ष काढू शकला असता, की शेवटी जिवंत जठराची काही वेगळी शक्ती असतेच. बोमाँट यांनी तसं केलं नाही. त्यांनी दोन्ही तुकडे नीट पाहिले होते. दोन्हीकडे पचन फक्त पृष्ठभागावर होत होतं, बाहेरून आत. कुपी हलवली की वेग वाढत होता, कारण पचलेला थर निघून जाई आणि खालच्या न पचलेल्या मांसाला रस भिडे. जठर सतत हालचाल करतं आणि ताजा रस पाझरत ठेवतं. कुपीला एकच औंस दिला होता आणि तिला हलवायला माणसाचा हात लागत होता. फरकाचं कारण एवढंच होतं. घास बारीक चावून खा असं घरोघरी सांगतात, त्यामागची कारणमीमांसाही यातच आहे. तुकडे बारीक झाले की पृष्ठभाग वाढतो.

दुपारी 3 आणि संध्याकाळी 5

कुपीतले धागे 1 वाजल्यापासून निम्मे झाले आहेत. 5 वाजता थोडेच उरतात.

या दोन तासांच्या फटीत मागच्या सोमवारविषयी सांगायला हवं, कारण आजच्या यशात त्या दिवसाचा वाटा आहे. 1 ऑगस्टला दुपारी 12 वाजता बोमाँट यांनी एकाच रेशमी दोऱ्यावर ओळीने पदार्थ बांधून अलेक्सीच्या जठरात सोडले होते. मसाल्यात शिजवलेलं गोमांस, खारवलेली कच्ची डुकराची चरबी, खारवलेलं कच्चं गोमांस, उकडलेलं खारं गोमांस, शिळा पाव आणि कच्ची कोबी. अलेक्सी पोटात हा दोरा घेऊन घरातली कामं करत होता. तासाने कोबी आणि पाव निम्मे पचले होते, मांस जसंच्या तसं होतं. आणखी तासाने कोबी, पाव, चरबी आणि उकडलेलं मांस दोऱ्यावरून नाहीसं झालं. कच्चं गोमांस मात्र घट्ट राहिलं. मग अलेक्सीच्या छातीत दुखू लागलं. डॉक्टरांनी दोरा बाहेर काढून पाहिला आणि पुन्हा आत सोडला. पुढे पोटातली तगमग वाढली, अंगातलं त्राण गेलं, डोकं दुखू लागलं, तेव्हा कुठे दोरा कायमचा बाहेर आला. दुसऱ्या दिवशी जठराच्या आतल्या अस्तरावर पांढरे ठिपके दिसले. बोमाँट यांनी कॅलोमेल या रेचकाच्या सहा गोळ्या थेट त्या छिद्रातून आत टाकल्या. सुमारे तीन तासांत जुलाब होऊन त्रास ओसरला. गोळ्या तोंडातून घेतल्या असत्या तर जो परिणाम झाला असता तोच झाला, फक्त मळमळ झाली नाही, अशी नोंद त्यांनी केली.

त्यानंतर पाच दिवसांनी तोच माणूस 17 तास उपाशी राहून पुन्हा आडवा झाला आहे. बोमाँट यांच्या सचोटीबद्दल मला शंका नाही. जे दिसलं ते त्यांनी लिहिलं, दुखलं तेही लिहिलं. पण दुखण्याची नोंद घेणं आणि दुखणाऱ्याला विचारणं या वेगळ्या गोष्टी आहेत. 1825 मध्ये विचारण्याची पद्धत नव्हती, आणि ज्याच्या घरी आपण जेवतो त्याला नाही म्हणणं गरिबाला कुठल्याच काळात सोपं नसतं. होडी वल्हवण्याची मजुरी मिळते, लाकडं फोडण्याची मजुरी मिळते. आडवं पडून रस देणं, घेरी सहन करणं, पोटात दोरा घेऊन हिंडणं हेसुद्धा कामच होतं, आणि या शास्त्रात त्या दिवशी दोन माणसं राबत होती असं मी मानतो.

संध्याकाळी 7

स्नायूंची वीण पूर्ण मोडली आहे. काही बारीक धागे तेवढे तरंगताहेत. वाळू तापलेली ठेवायची, पाणी 100 अंशांवरून ढळू द्यायचं नाही, मधूनमधून कुपी हलवायची, हे आठ तास चाललेलं आहे.

रात्री 9

मांसाचा प्रत्येक कण पचला. सकाळी पाण्यासारखा असलेला रस आता दही फुटून निघालेल्या पाण्याच्या रंगाचा झाला आहे. कुपी थोडा वेळ स्थिर ठेवली की तळाशी मांसाच्या रंगाचा बारीक गाळ बसतो. दहा तास. बोमाँट वही मिटतात ती उद्यासाठी. सोमवारी सकाळी 9 वाजता अलेक्सीच्या जठरातून दीड औंस रस काढून त्यात उकडलेल्या कोंबडीचे तुकडे टाकायचे आहेत.

त्या रविवारनंतर

लवकरच अलेक्सी परवानगी न घेता कॅनडात निघून गेला. बोमाँट यांनी त्याला कृतघ्न मानलं. मला तसं म्हणवत नाही. तिथे त्याने लग्न केलं, पुन्हा होडी वल्हवली. 1829 मध्ये बायकोमुलांसह तो बोमाँट यांच्याकडे प्रेरी दू शिएनच्या किल्ल्यावर आला, 1831 मध्ये परत गेला, आणि 1832 मध्ये पुन्हा आला तेव्हा लेखी करार झाला. वर्षाला 150 डॉलर, शिवाय राहणंजेवण, आणि त्या बदल्यात जठरावर प्रयोग करू देणं. अलेक्सीला लिहिता येत नव्हतं. त्याने खूण केली. पोटातल्या कामाला मजुरी असते हे निदान त्या कागदावर मान्य झालं.

1833 मध्ये प्लॅट्सबर्ग इथे बोमाँट यांचं जठररसावरचं पुस्तक छापलं गेलं. त्यात दोनशेहून जास्त प्रयोग आणि 51 निष्कर्ष आहेत. जठररसात मोकळं हायड्रोक्लोरिक आम्ल असतं ही गोष्ट 1824 मध्ये लंडनच्या विल्यम प्राउट यांनी मांडली होती. अलेक्सीच्या रसाच्या तपासणीत अमेरिकेतले प्राध्यापक डंग्लिसन आणि सिलिमन यांना तेच आढळलं. रागाने पचन बिघडतं हेही बोमाँट यांनी डोळ्यांनी पाहिलं. त्यांचा पचनकाळाचा तक्ता तर आजही वाचण्यासारखा आहे. उकडलेला भात 1 तास, उकळलेलं दूध 2 तास, कच्ची कोबी अडीच तास आणि तीच उकडली तर साडेचार, भाजलेलं डुकराचं मांस सव्वापाच तास. एका माणसाच्या एका जठराचे हे आकडे आहेत, सर्वांना लागू करण्याचे नव्हेत. पण अंदाजाच्या जागी घड्याळ आलं ते इथे. दहा वर्षांच्या आत रशियात बासोव्ह आणि फ्रान्समध्ये ब्लाँडलो यांनी कुत्र्यांच्या जठराला मुद्दाम छिद्र ठेवून प्रयोग सुरू केले, आणि त्या वाटेने पुढे पावलोव्ह 1904 च्या नोबेल पारितोषिकापर्यंत गेले.

अलेक्सी शेवटचा निघून गेल्यावर बोमाँट यांनी उरलेल्या आयुष्यात कितीदा तरी पत्रं लिहून त्याला बोलावलं. तो पुन्हा आला नाही. बोमाँट 1853 मध्ये सेंट लुईसला बर्फाळ पायऱ्यांवर घसरून पडले आणि त्या दुखापतीने गेले. अलेक्सी 24 जून 1880 रोजी क्वेबेकमध्ये मरण पावला, गोळी लागल्यानंतर 58 वर्षांनी. डॉक्टरांना, त्यांत विल्यम ऑस्लरही होते, ते जठर तपासणीसाठी हवं होतं. घरच्यांनी प्रेत उन्हाळ्यात मुद्दाम घरी ठेवून कुजू दिलं आणि मग आठ फूट खोल पुरलं, म्हणजे कुणाला ते उकरून नेता येऊ नये. त्यांच्याकडे नकार कळवण्याचा तेवढाच खात्रीचा मार्ग होता.

वैद्यकाच्या पहिल्या वर्षाला पचनसंस्था शिकवणाऱ्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे. एका तासाला 7 ऑगस्ट 1825 चा हा तक्ता फळ्यावर मांडा, डावीकडे कुपी आणि उजवीकडे जठर. विद्यार्थ्यांना 12 वाजता थांबवून विचारा की निष्कर्ष काय, आणि 1 वाजता पुन्हा विचारा. नंतर हा प्रयोग कोणी केला असं विचाराल तेव्हा बोमाँट आणि सेंट मार्टिन या दोन्ही नावांना गुण द्या.